बावीसचा पाना

अडावदच्या नाक्यावर, बंद जिनिंगच्या सावलीत
छोटा हत्ती दोन दिवस उभा, पाठ उघडी टाकून.
शाळेचं भंगार कपाट साडेतीनशेला आणलं,
जुम्मन वेल्डरनं त्याचे खण कापून
हौद्याच्या डाव्या अंगाला डागले.
एकावर अजून वाचता येतं: पाचवी ब, पट्टी-खडू.
त्यात आता बुश, वायसर, इन्शुलेशन टेप.

उजवीकडे चेनपाना, क्लॅम्प, साखळी-पुली,
खाली सायकलच्या ट्यूबचे काप;
नाहीतर शिवारात शिरलो की खडखडाट,
मालकाआधी कुत्री उठतात.

उखाआप्पा ओट्यावरून:
"भो, कसाले इतलं? गोणीमा टाक नि चाल!"

गोणीतच वीस वर्षं काढली, आप्पा.
पण लाइट येते रात्री पावणेबाराला.
केळीत मिट्ट काळोख, बॅटरी दातांत,
मोटर बोअरच्या तोंडाशी अधांतरी,
आणि मी गोणीत कोपरापर्यंत.
"बावीसचा दे, बावीसचा!"
हाताला लागला चौदाचा.
तेवढ्यात पाइप सरकला.

भिकननं आता पानटपरी टाकलीय.
चुना करंगळीनं लावतो.
मला पैसे घेत नाही,
ते जास्त लागतं.

म्हणून हौद्यात बसलोय, डोळे गच्च मिटून.
हात वर: दहा-अकरा. बारा-तेरा.
पुढे, जरा पुढे... पत्रा.
पुन्हा. पत्रा.

"झोपला का रे?" जुम्मन काच वर करतो.
नाही. तो खिळा काढ,
दोन बोटं खाली घे.