चाळीस सेकंद

बाबा विचारतात, "म्हणजे नेमकं काय करतेस तू?"
एस्किशेहिरच्या रेल्वे कारखान्यात बत्तीस वर्षं
त्यांनी डब्यांची चाकं तपासली.
हातोडीनं ठोकायचं, कान द्यायचा,
बद्द वाजलं की समजायचं, तडा आहे.
मी म्हणते, "तेच करते. माणसांचं. हातोडीशिवाय."
ते पेल्यातला चहा ढवळत राहतात.
साखर केव्हाच विरघळलेली असते.

मानववंशशास्त्राची पदवी
आईनं काचेत घालून टीव्हीच्या वर लावली.
पाहुणे आले की ती म्हणते, "शिकली पुष्कळ,"
आणि लगेच बिस्किटांची बशी पुढं करते.

वर्गात आम्ही एकोणीस जण.
तुंजाय टॅक्सी चालवतो. म्हणतो,
मागच्या सीटवर जेवढं क्षेत्रकार्य होतं
तेवढं प्रबंधातही झालं नव्हतं.
गुलसेरेन अंकाराला सरकारी कचेरीत
मदतीच्या अर्जांचे रकाने भरते,
आणि रात्री फोन करून मला सांगते
रकान्यांत न मावलेली माणसं.
बाकीच्यांचं विचारू नका.
म्हणजे विचारा, पण मला ठाऊक नाही.

मला फ्रीजच्या कंपनीनं घेतलं.
"तुम्हाला काय येतं?" कोरकुत साहेबांनी विचारलं.
"बसता येतं," मी म्हणाले. "परक्या स्वयंपाकघरात,
मी तिथं आहे हे त्यांच्या विसरण्यात जाईपर्यंत."
ते हसले. मग पगार सांगितला.
मग मी हसले नाही.

बारा घरं, दर घरी तीन दिवस.
शितावरून भाताची परीक्षा म्हणायची,
पण इथं प्रत्येक शीत निराळ्या भाताचं.
कुठं दह्याच्या डब्यात शिवणाचे दोरे.
कुठं अंड्यांच्या खळग्यांत इन्सुलिन.
एका घरात सगळ्यांत खालचा खण सासूचा,
सून सहा वर्षांत त्याला शिवली नव्हती.
कुलूप नव्हतं.
वहीत मी ते कुलूप काढलं.

सातवं घर मुनीर बेय यांचं,
पोर्सुक नदीकाठी, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
दाराला चिकटवलेल्या यंत्रानं सकाळी सांगितलं:
दोन वाजून दहा मिनिटं. साडेतीन. चार. पावणेपाच.
आत लोणी, ऑलिव्ह, अर्धा टरबूज.
अर्धा टरबूज दुसऱ्या दिवशीही अर्धाच.
बेद्रिये बाई शिकवायच्या,
आधी गप्प बस, मग आणखी गप्प बस, मग विचार.
मी आणखी गप्प बसले नाही.

"नेझिहे पाणी प्यायला उठायची," ते म्हणाले.
"झोपेत मला भिंतीवर तो उजेड दिसायचा.
दिसला की मी कूस बदलायचो.
आता ती नाही, तर
तो पाडायला कुणीतरी उठायला हवं ना?"
आणि टरबूज माझ्यासाठी कापलं.

अहवालात अठ्ठावीस पानं.
दार उघडण्याची कारणं: भूक, सवय, विसर.
चौथं मी घातलं: उजेड.
बैठकीत एकजण म्हणाला, वीज वाचवायची तर
दिवा वीस सेकंदांत विझायला हवा.
मी भांडले. आकडे नव्हते माझ्याकडे,
एक म्हातारा होता, तोही नाव बदललेला.
दोन तासांनी चाळीस सेकंद मिळाले.

हे मी बाबांना सांगितलं:
माझ्या पदवीनं जगात आजवर केलेला फरक,
वीस सेकंद.
ते काही बोलले नाहीत. उठले,
आमच्या जुन्या फ्रीजचं दार उघडून उभे राहिले,
ओठांतल्या ओठांत मोजत.
त्याचा दिवा विझतच नाही,
चाळीस झाले, पन्नास झाले.
आई आतून ओरडली,
"दार लावा! बिल काय तुमची लेक भरणार आहे?"
"भरतेच आहे," बाबा म्हणाले,
आणि मोजत राहिले.