वाढ नाही

मिरजेत पहाटे पाचला
लॅबच्या खिडकीतून दिसतं ते एवढंच:
औषधांच्या दुकानांची न विझणारी हिरवी अक्षरं
आणि रिक्षात पाय वर घेऊन झोपलेला एक माणूस.
मी इन्क्युबेटरचं दार उघडते.

बेड नंबर तीन. मगदूम भूपाल, वय सदुसष्ट.
आले होते खुब्याचं हाड मोडून, चांगले बोलत.
न्यूमोनिया त्यांनी घरून आणला नव्हता.
तो इथे, आमच्याच छपराखाली,
अकराव्या दिवशी नळीवाटे उतरला.
हे लिहायला रिपोर्टवर रकाना नसतो.

मी त्यांना पाहिलेलं नाही.
ओळखते ती छातीतून ओढून काढलेल्या
चमचाभर पिवळ्या चिकट द्रवावरून.
त्यातून काल उगवलं ते गुलाबी, ओलसर, देखणं.
तारेचं वेढं टेकवून उचललं
तर मागोमाग धागा आला, तुटेना,
आई दिवाळीत पाक बघायची तसा, एकतारी.
क्लेबसिएला.
वॉर्डातल्या अक्कूमावशी नुसतं 'ती' म्हणतात.
ती परत आली काय?

आज दुसरी प्लेट.
औषधांच्या टिकल्या, अंतर राखून,
रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या.
जे औषध लागू पडेल
त्याच्या टिकलीभोवती स्वच्छ अंगण पडतं.
एकही अंगण नाही.
सगळीकडे तीच दाट साय, टिकलीला नाक लावून.
आर, लिहिलं. आर. खाली आर.
मेरोपेनेम तरी, म्हणून पट्टी लावली, भिंग धरलं.
आर.

नव्या इंजेक्शनांची जोडी पुण्याहून निघालीय,
परवा पोचेल.
तोवर कोलिस्टिन. जुनं,
मूत्रपिंडांना झोंबतं म्हणून कधीकाळी अडगळीत टाकलेलं.
त्याला टिकली चालत नाही, द्रवातच अजमावायचं.
इवले खळगे: गढूळ, गढूळ, मग निवळ.
तरी त्याच्यापुढे 'एस' लिहायचा नाही,
'आय' लिहायचा. मधलं काहीतरी.

डॉक्टर कोरेंचा फोन.
"डोस ठरवायचाय. वजन किती?
केसपेपरवर कुणी लिहिलंच नाही."
काट्याचा पलंग दिवाळीपासून बंद.
खिडकीशी मुलगा उभा होता, शीतल. नखांत हळद.
सांगलीच्या यार्डात बाप चाळीस वर्षं तोलाईला.
"अण्णा नजरेनं पोतं सांगायचे," म्हणाला,
"किलोचा फरक पडत नव्हता."
मग स्वतःच्या रिकाम्या हातांकडे बघत राहिला,
जणू बापाला उचलून बघतोय.
"बावन्न. आनला तवा साठ हुते."
फोनवर मी सांगितलं: बावन्न.

परवाची जोडी चार दिवसांनी पोचली.
क्रिएटिनिन चढलं. दोनदा डायलिसिस.
मग उतरलं, कुणाच्या पुण्याईनं ते
मला कुठल्याच प्लेटवर दिसलं नाही.
चौदाव्या दिवसाची प्लेट कोरी.
टाईप केलं: वाढ नाही.

शीतलनं कागद दोनदा वाचला. चेहरा पडला.
"वाढ न्हाई म्हंजे... अजून खचलेत व्हय?"
पिकात, पोरांत, हळदीच्या दरात
हा शब्द त्याच्या दारी
कधी चांगल्या तोंडानं आला नव्हता.
इथं हाच चांगला, म्हटलं.
त्यानं कागदाची घडी घातली नाही.
ओली शाई असावी तसा दोन्ही हातांत धरून जिन्यानं वर गेला.

मी हात धुतले. कोपरापर्यंत, घड्याळ बघत.
अक्कूमावशींनी धुतले का, विचारलं नाही.
त्यांच्या वॉर्डात नळ एकच, तोही टोकाला.

ट्रेमध्ये पुढची प्लेट. बेड नंबर चार.
गुलाबी, ओलसर.
वेढं टेकवलंय.
सावकाश उचलतेय.