बशीचा सूर

बंद पडलेल्या पबच्या लिलावात घेतला हा अँप.
पंचेचाळीस वॉट, आत काचेचे व्हॉल्व्ह,
वजन एखाद्या शाळकरी मुलाएवढं.
मृणाल म्हणाली, हे घरात?
घर बर्नलीतलं, ओळीतलं.
दगड फक्त रस्त्याकडून दिसायला;
शेजारणीची आणि आमची मधली भिंत एका विटेची.

बटणाभोवती शून्य ते दहा आकडे आहेत.
त्यांच्यावर विश्वास ठेवू नये.
एकच्या अलीकडे मुंगी चालते,
एकच्या पलीकडे, केसभर, तावदानं बोलू लागतात.
उरलेले आकडे शोभेचे.

आणि गोम अशी की गोडवा तिकडेच आहे,
चारच्या आसपास,
जिथे सूर कडेला जरासा करपतो,
दुधाच्या खरवडीसारखा.
हळू वाजवलं तर नुसतं पाणी घातलेलं दूध.

उपाय केले.
तोंड भिंतीकडे फिरवलं; भिंत गुणगुणायला लागली.
गोधडी घातली; गोधडीला जळका वास.
एक व्हॉल्व्ह काढून मवाळ जातीचा बसवला.
शेवटी आणलं एक खोकं, अँप आणि स्पीकरच्या मधे जोडायचं,
ते आवाज गिळतं आणि त्याची ऊब करतं.
जानेवारीत थोडं वाजवायचं, मग खोक्यावर बोटं शेकायची.
कानापर्यंत न पोचलेलं तळहाताला लागतं.

मृणालने पाकिटातून मरून टिकली काढली,
पट्टीवर चिकटवली: रात्री नऊपर्यंत इथवर.
दुसरी लहान, काळी: नऊनंतर.
दोघींमध्ये गव्हाएवढं अंतर.
म्हणाली, एवढ्यात भागव.

तरी एके दिवशी दार वाजलं.
मिसेस हॅसलम, वय शहाऐंशी,
पंधराव्या वर्षी मागावर उभ्या राहिलेल्या.
गिरणीने त्यांचे कान केव्हाच नेले.
ओठ मोठे करून बोलतात, कधी आवाजाशिवायच,
खडखडाटात सगळ्या बाया तशाच बोलायच्या म्हणे.
"मला काही ऐकू येत नाही, बाळा.
पण माझी ब्लॅकपूलची बशी थरथरते.
नेहमी नाही. कसल्यातरी एकाच वेळी."

मग आम्ही शोधायला बसलो.
त्या पलीकडे, बशीच्या काठावर बोट ठेवून,
मृणाल फुटपाथवर, दोन्ही उघड्या दारांच्या मधे,
मी आत, एकेक सूर खाली उतरत.
पाचवी तार, तिसरा पडदा.
मृणालचा हात वर गेला.
काळ्या टिकलीच्या कितीही अलीकडे वाजवा,
बशी उठायचीच,
गर्दीत कुणी आपलं नाव घेतल्यासारखी.

त्यानंतर बटणाचा प्रश्न उरला नाही.
तो सूर मी सोडला.
जिन्याची एक पायरी मोडकी असावी
आणि अंधारातही पाय ती ओलांडून पडावा, तसा.
दोन वर्षं.
मरून असो की काळी.

परवा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना त्या भेटल्या.
"ती बशी ना? मागे बसचं तिकीट दुमडून खोचलंय.
वर्ष होऊन गेलं. तुला सांगायचं राहिलंच."
आणि डबा ओढत आत गेल्या.

मी अँप लावला. तापू दिला,
काचेत नारिंगी उजेड धरेपर्यंत.
बटण मरून टिकलीवर आणलं,
तिसऱ्या पडद्यावर बोट नेलं.
बोट आपणहून उचललं गेलं, पुढच्या पडद्यावर टेकलं.
पुन्हा नेलं. पुन्हा तेच.

शनिवारी क्लबात एक ड्रमवाला विचारत होता,
तुझ्या वाजवण्यात मधेच एक जागा रिकामी असते,
मस्त वाटते, कुठे शिकलास?
बशीकडे, म्हणालो.
त्याला वाटलं, कुणी भारतीय उस्ताद असावा.
मान हलवली त्याने, आदराने,
आणि मला आवाज जरा वाढवायला सांगितलं.