लिहून देणार

पहिल्यांदा या ऑफिसात आलो
तेव्हा मी 'लिहून घेणार' होतो.
(आमच्याकडं बाई 'आलो'च म्हणती.
बँकेतल्या पुण्याच्या साहेबानं फोनवर तेवढंच ऐकून
अर्जावर 'श्री. मालन' लिहिलं होतं.)
आज कागदावर 'लिहून देणार' :
मालन आप्पासो चौगुले, वय त्रेसष्ट,
धंदा सेवानिवृत्त परिचारिका.

मिळकत शाहूपुरी, दुसरी गल्ली, तळमजला,
गाळा, बारा बाय चौदा.
पूर्वेस रस्ता. पश्चिमेस जिना.
दक्षिणेस पिठाची गिरण.
उत्तरेस बोळ, आणि बोळापलीकडं नाला,
जो चतुःसीमेत कुणी लिहीत नाही.

साडेसहा लाख.
दीड माझे : भिशी, पाटल्या, फंडातली उचल.
पाच बँकेचे, तेरा टक्क्यांनी.
दीर म्हणाले, वैनी, सगळंच कर्ज काढा की,
बँक द्यायला बसलीया.
सीपीआरला नाईट होती. वॉर्ड झोपल्यावर
तापाच्या तक्त्याच्या पाठीमागं हिशेब मांडला :
हप्ता सहा हजार तीनशे, भाडं साडेचार.
भाड्यानं ओढायचं,
पगारानं नुसतं मागनं ढकलायचं.
पगारानंच ओढायची वेळ आली
तर ती गाडी आपली नव्हे.

भाडेकरू समीर शिकलगार, शिलाई मशीन दुरुस्ती.
अकरा महिन्यांचा करार, दर वेळी नवा,
दर वेळी पाच टक्के वाढ,
दर वेळी त्याचं तेच : मावशी, तीन करा की.
केलं नाही.
पण वर्षातलं एक भाडं वेगळ्या पासबुकात.
शटर, गळती, घरफाळा, त्यातनंच.
लेकीच्या लग्नातसुद्धा त्याला हात लावला नाही,
लेक अजून बोलून दाखवती.

एकोणीस साली नाल्यातनं पाणी आलं.
आठ दिवसांनी शटर उचललं
तर मशिनी गाळात कुशीवर पडलेल्या,
आणि समीर एकेकीचं चाक फिरवून बघतोय,
नाडी बघावी तसं.
मी दोन महिन्यांचं भाडं सोडलं.
दया नव्हे ती. पुराच्या वर्षी
रिकामा गाळा कोण घेणार होतं?
(थोडी दया होती.
किती टक्के, ते मांडलं नाही.)
मग पोटमाळा टाकला, पाण्याच्या रेघेच्या हातभर वर,
निम्मा खर्च त्याचा.

विकायचं कधी, ते घेतानाच
पासबुकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं :
कर्ज फिटल्यावर,
आणि भाड्यापेक्षा ठेवीचं व्याज पुढं गेलं की.
गेल्या दिवाळीत गेलं.
एजंट म्हणाला, काकी, दोन वर्षं थांबा, सोनं होतंय.
नाहीतर गिऱ्हाईक आहे माझ्याकडं,
निम्मे कागदावर, निम्मे पिशवीत.
पिशवीतल्या पैशाला झोप नसती बाबा,
म्हटलं, आणि समीरला विचारलं.

दोन लाख कमी. पण सगळे बँकेतनं.
त्याच्या हप्त्याचा हिशेब मीच मांडून दिला.
त्याला भाडं द्यायचं नाही आता,
म्हणून ओढायचं कुणी, तेवढं दोनदा विचारलं.
पोरगा कामाला लागलाय, म्हणाला.
मग ढकलायला तरी कुणीतरी आहे.
माझ्या नफ्याचे सहा महिन्यांच्या आत बाँडात.
उरलेले कुठं, ते दिरांना सांगितलेलं नाही.

कारकून भरभर वाचतोय :
जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण,
निधी-निक्षेपासह...
झाड तिथं एकही नाही.
तृण म्हणजे उंबऱ्याच्या फटीतलं.
काष्ठ पोटमाळ्याचं.
निधी असता तर मी विकला असता का?
जल मात्र आहे, ते सांगून देतो म्हटलं :
मागच्या भिंतीवर छातीएवढी रेघ,
रंग दिला तरी पावसाळ्यात वर येती.
समीर हसला.
मावशी, मला काय सांगता,
चार वेळा मीच रंगवलीया ती.

अंगठा. फोटो. कॅमेऱ्याकडं बघा, आजी.
बघितलं.

बाहेर पायरीवर
घरफाळ्याची पावती त्याच्या हातात दिली.
मार्चपर्यंतचा भरलाय.
पुढचा तू.