पहिला घोट

लिही, बाबा. पण शाई जरा घट्ट कर,
या दलदलीच्या हवेत अक्षरं फुटतात.
तुझ्या मठाच्या पोथीत त्या सालापुढे एकच ओळ:
'मिल्डविन राज्यावर आली. हिवाळा कडक.'
हिवाळा कडक होता, एवढं खरं.

आली तेव्हा सात वर्षांची. ओलीस.
बापानं तह केला, तहासोबत पाठवले
दोन घोडे, चांदीनं मढवलेलं एक शिंग,
आणि ही.
आमच्या माणसांनी घोड्यांची नावं विचारली.

मोठ्या दालनात बाकावर जागा नव्हती म्हणून
मिठागरावर, माझ्या आईच्या झोपडीत टाकली.
भट्टीपाशी निजायची, ओठांवर मीठ धरायचं.
आईनं तिला वाम सोलायला शिकवली.
हातातून सुळकन जाते ती; पाण्याची जात.
आई म्हणायची, निसटणारं धरायचं तर
आधी हाताला राख लाव.

रडताना मी तिला पाहिली नाही.
भावाचा पट्टा आला तेव्हाही नाही,
मर्सियाच्या वाटेवर सापडलेला, चिखलासकट.
पट्ट्याची भोकं तिनं बोटानं मोजली.
एक नवं होतं, सुरीनं घाईत पाडलेलं.
म्हणाली, शेवटी शेवटी तो जेवत नव्हता.
आणि वामांची टोपली उचलून बाहेर गेली.

सोळाव्या वर्षी राजानं तिला मागितली.
मागितली म्हणजे माणूस पाठवला, नि ती गेली.
तो पिकलेला, खोकणारा; वाईट नव्हता.
तिचं काम एकच: रोज रात्री मधाच्या मद्याचा पेला फिरवणं.
आधी राजा, मग दीर ग्रिमवाल्ड, मग तलवारींच्या वयाप्रमाणे सगळे.
अकरा वर्षं.
पुरुष तुला पोथीतून कळतात, बाबा, तिला पेल्यातून कळले.
कोण काठ पुसून पितो,
कोण पिताना दाराकडे बघतो,
कोण दोन्ही हातांनी धरतो, म्हाताऱ्या हाथुवुल्फसारखा,
जणू पाखरू आहे.

राजा गेला त्याच्या तिसऱ्या रात्री
मी तिचे केस विंचरत होते.
म्हणाली, बुर्ग्विन, राख आण.
मला वाटलं दुखवट्याची, कपाळाला.
तिनं तळहातांना चोळली.

दालनात धूर, ओली कुत्री, चाळीस माणसं.
ग्रिमवाल्डचा हात आधीच पुढे आलेला.
ती पेला घेऊन निघाली, नेहमीच्याच चालीनं,
त्या हातापाशी आली,
आणि थांबली नाही.
रिकाम्या आसनावर बसली.
पहिला घोट तिनं घेतला.

कुणीतरी खोकलं. कुणाची तरी मूठ तलवारीला लागली.
मग हाथुवुल्फ उठला, गुडघे कुरकुरले त्याचे,
पुढे जाऊन त्यानं दोन्ही हात पसरले.
त्याच्यामागे दुसरा. मग रांग.
चांदी ओली होती, पेला तिच्या हातून तसूभर हलला नाही.

यातलं तू काय लिहिणार?
लिहायचंच तर पुढचंही लिही.
वसंतात ग्रिमवाल्डनं तह केला.
तीन घोडे आले, आणि त्याचा धाकटा,
नाक वाहत असलेला, सात-आठ वर्षांचा.
ती पायऱ्या उतरून अंगणात आली.
घोड्यांच्या मानेवर हात फिरवला, नावं विचारली.
मग पोराकडे वळून काहीतरी बोलली.

मी विहिरीपाशी होते, वारा उलटा.
ऐकू आलं नाही.