फाटकावरची पिशवी

हळदोण्याच्या कायतान पोदेराची उधारी
मी कोडमध्ये उतरवत होते,
म्हापशात, बाजारावरच्या माडीवर.

पहिल्या दिवशी सरळ लिहिलं:
प्रत्येक उधारी एका घराची.
उधारीतून बाण निघाला
आणि 'घर' नावाच्या टेबलात रुतला.

दुसऱ्या दिवशी कायतान म्हणाला,
"बाय, आनी कपेलाचें कितें?
शेनवारा तीस उंडे वतात. थंय कोण रावना."
मग तावेर्न निघाली, मग शाळेचं स्वयंपाकघर,
मग खोर्जुव्याच्या पुलाखाली बांधलेली होडी,
तिच्यावरचे दोघे कारवारी
आठवड्यानं पैसे देणारे.
दर वेळी बाण उपटायचा,
दर वेळी नवं भोक.
होडी हा घराचाच एक प्रकार, असंही लिहून पाहिलं.
घर क्रमांकाच्या रकान्यात
होडी गप्प बसली.

शेवटी एका पहाटे
त्याच्या सायकलीमागून स्कूटर काढली.
काळोख. भोंगा: पों पों.
कायताननं एकाही दाराकडे पाहिलं नाही.
फाटकाला पिशवी, पिशवीत हात,
चार पोयो आत, चिल्लर बाहेर.
कपेलाच्या खिळ्याला पिशवी.
होडीच्या दोराला पिशवी.

परत येऊन 'घर' खोडलं.
त्या जागी फक्त करार:
पिशवी टांगता यावी,
विचारलं तर नाव सांगता यावं,
महिन्याअखेर हिशेब चुकता करता यावा.
भिंत नाही, कौल नाही.
बाण आता तिकडे.

डेटाबेसला मात्र करार कळत नाही.
त्याला बोट ठेवायला ओळ लागते, आकडा लागतो.
म्हणून कोपऱ्यातल्या एका फाइलीत
सांगून ठेवावंच लागतं:
पिशवीवाला म्हणजे, इथं, 'गिऱ्हाईक' हे टेबल.
उद्या अस्नोड्याच्या पोदेराला हेच हवं झालं
तर बदलायची ती एवढी ओळ,
बाकी उधारीला पत्ताही लागणार नाही.

मे महिन्यात फिलोमेनबाय वारली.
गिऱ्हाइकांतून तिचं नाव काढलं.
पिशवी काही निघाली नाही.
कायतान दोन पोयो टाकत राहिला,
सकाळी पिशवी रिकामी,
तळाशी मोजून पैसे.
कोण घेतं, माहीत नाही.
माझं कोड नावापाशी अडलं, लाल झालं.

मी विचारलं, कुणाच्या नावावर लिहू?
तो सायकलीला पाय लावून उभा.
"पिशवी आसली न्हय?"

करारातली मधली ओळ
मी खोडली.