दुसरा रकाना

कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या मासळी कारखान्याच्या दारात
एक फळा होता. मीच लावलेला.
‘सलग इतके दिवस एकही चूक नाही.’
खाली खडूचा आकडा, रोज सकाळी एकाने वाढणारा,
आणि शंभरी भरली की प्रत्येकीला कुकर,
पाच लिटरचा.

आकडा वाढत गेला.
मला वाटलं, हात धुतले जाताहेत.

शीतगृहाच्या वहीत दर तासाला उणे अठरा,
उणे अठरा, उणे अठरा,
एकाच शाईत, एकाच तिरक्या वळणात.
ज्या रात्री बेतूलपर्यंत वीज गेली
आणि जनरेटर चाळीस मिनिटं नुसता खोकत राहिला,
त्या रात्रीही उणे अठरा.
मी खाली सही केली.
हात थरथरला नाही, हेही नोंदवून ठेवतो.

सत्त्याण्णवाव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत,
माणक्यांच्या टेबलाशी शेवंती वेळीप एकटीच.
बाकीच्या बाहेर भिंतीच्या सावलीत डबे उघडून बसलेल्या,
सुंगटांच्या किसमुरीचा वास पार दारापर्यंत,
आणि ही बर्फात कोपरापर्यंत हात घालून
विहिरीत पडलेली घागर गळाने शोधावी
तशी काहीतरी चाचपत होती.

काय हरवलं, विचारलं.
तिने तर्जनी पुढे केली. चिरलेली, उघडी.
निळी पट्टी सकाळी होती, आता नव्हती.
निळी एवढ्यासाठीच, की माशाच्या मांसात निळं काही नसतं,
पडली तर दिसावी.
‘कधीपासून?’
दहापासून. म्हणजे चार क्रेट पुढे गेलेले.
‘बोलली का नाहीस?’
‘तीन दीस उरल्यात, सर.’
मग खालच्या आवाजात :
इनासिनाने तर कुकरचं घरी सांगूनही ठेवलंय.

बांगडा बिघडतो तेव्हा आधी वास येत नाही.
उन्हात राहिलेला पुन्हा बर्फात घातला
की तो चांगला दिसतो, अगदी घ्यावासा,
आणि खाणाऱ्याच्या मानेवर तासाभरात चट्टे उठतात.
शिजवूनही ते जात नाही.
दर ऑगस्टला, बंदी उठली की,
नव्या मुलींना मी हे शिकवतो.
माझ्याच फळ्याला लावून पाहिलं नव्हतं.

चारही क्रेट उलटे केले.
पट्टी तिसऱ्यात, एका माणकीच्या पोटाला चिकटलेली.
संध्याकाळी फळा पुसला.
कुकर सगळ्यांना दिले, तीन दिवस आधी
(हिशेबनीस कुस्तोद अजून त्यावर बोलतो)
आणि नवं लिहिलं : ‘आज कितीजणांनी सांगितलं.’

पहिल्या दिवशी कोणी नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही, सगळ्या जमिनीकडे बघत आत गेल्या.
तिसऱ्या दिवशी शेवंती म्हणाली, हातमोजा फाटलाय.
एवढंच. मी एकचा आकडा काढला,
पाटीवर पोरं काढतात तेवढा मोठा.

महिन्याअखेर त्रेसष्ट.
मडगावच्या कचेरीतून फोन :
अचानक इतकं काय बिघडलं तुमच्याकडे?
म्हटलं, होतंच ते. आता ऐकू येतंय.
पलीकडे कोणीतरी कागद चाळत राहिलं.

ज्योकिम एकच सैल बिजागरी
आठवड्यातून तीनदा सांगायचा.
आम्ही हसायचो. आकडा फुगवतो, म्हणायचो.
काहीही मोजायला घ्या,
माणूस थोडा त्या मापात मावायला बघतोच.

परवा रात्रीची वहीतली नोंद :
‘उणे अकरा. दोनदा बघितलं. दार लागत नाही. फोन केला.’
अक्षर वेडंवाकडं, शाई दोन रंगांची,
थेंब पडून अकरा पसरलेला.
इतकं सुंदर पान त्या वहीत दुसरं नाही.

दार म्हणजे तीच बिजागरी. ज्योकिमची.

सकाळी फळ्यावर दुसरा रकाना आखला :
सांगितल्यापासून दुरुस्त होईपर्यंत किती दिवस.
त्याच्यावर कुणा बाईचं नाव नाही, माझं आहे.
पहिला आकडा एकोणीस.